पायरीवरचा तास

शनिवारी मुलींच्या ओढणीला एक पिन जास्तीची असायची. एरवी दोन खांद्यांवर दोन. शनिवारी त्याखेरीज कमरेशी, डाव्या बाजूला, आणखी एक. गणवेशाच्या नियमात ती नव्हती, कुणा शिक्षिकेने लावायला सांगितलेली नव्हती, तरी सगळ्यांची ती साधारण एकाच जागी असायची. हे माझ्या ध्यानात यायला पहिलं सत्र निम्मं सरलं, कारण शनिवारचे शेवटचे दोन तास नववीच्या मुली माझ्यासमोर नसत, मैदानावर असत. निदान वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी धुतलेल्या परीक्षानळ्या पालथ्या घालत होते. खिडकीसमोरच मैदानात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. त्यांवर मुली बसल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन, ओढणी गुडघ्यांवरून पार घोट्यांपर्यंत ओढून. डुबल सरांनी शिट्टी फुंकली.

"चला, उठा पोरींनो! खांब रोवलेत, फक्कीने रेघा मारल्यात. आता काय अक्षता देऊन बोलावणं करू?"

तीन-चार मुली उठल्या. बाकीच्यांमधून कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "सर, आज नको."

'आज नको' म्हणजे पाळी आहे, हे आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीने ते म्हटलं की पुरुष शिक्षकाने पुढे बोलायचं नाही, असा न सांगता चालत आलेला शिरस्ता होता. सरांनी मान वळवली. चुकून कुणाच्या स्वयंपाकघरात पाऊल पडावं तसे ते झटकन मागे फिरले आणि मुलांच्या बाजूला निघून गेले.

पंचवीस वर्षं झाली याला. तासगावकडच्या एका मोठ्या गावातलं हायस्कूल. सांगलीहून एम.एस्सी., बी.एड. करून मी तिथे विज्ञान शिकवायला आले होते आणि दुसरं वर्ष चालू होतं. येत्या जूनमध्ये मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. शिक्षकांच्या खोलीत माझी जागा खिडकीजवळ होती. सभांमध्ये मी कधी बोलले नव्हते. बोलावं लागावं असं काही घडलंही नव्हतं.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शिरगुप्पे बाई.

"बसा मगदूम मॅडम. नववीचं विज्ञान पाहिलं मी. मुलींचं."

"हो बाई."

"हो काय? निम्म्या मुली काठावर. पुढच्या वर्षी ह्याच दहावीला बसणार."

"प्रकाशाचा धडा राहिलाय. तास कमी पडतात."

"तेच म्हणते मी. तास आहेत की! शनिवारचे दोन. मुली पायरीवर बसून असतात, मला इथून दिसतं. बसायचंच आहे तर बाकावर बसू देत. दिवाळीनंतर ते दोन तास तुम्ही घ्या."

"आणि मैदान?"

"मुलं खेळतील. मुलींना व्यायाम कमी पडतो का हो? पहाटे पाणी भरतात, द्राक्षबागेत डबे पोचवतात, संध्याकाळी भाकरी थापतात." बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "तुमच्याही सोयीचं आहे. जूनमध्ये तुमच्याबद्दल मलाच लिहायचंय. निकाल चांगला असला की लिहिताना हात अडखळत नाही."

त्यात धमकी नव्हती. बाई मला मदतच करत होत्या, आणि ते तास मला हवेही होते. प्रकाशाचा धडा, त्यानंतर वीज, त्यानंतर अम्ल-अल्कली. माझ्या हिशेबात त्यांची मांडणी लगेच होऊ लागली. तरी मी म्हणाले, "विचार करून सांगते."

"ह्यात विचार कसला? बरं, करा. दिवाळीच्या आधीच्या सभेत सांगा. तिथे वेळापत्रक पक्कं करायचंय."

सोमवारी मधल्या सुट्टीत डुबल सर प्रयोगशाळेच्या दारात आले. मूळचे पहिलवान, आता पन्नाशीचे. आत यायच्या आधी त्यांनी चपला काढल्या.

"चपला असू द्या सर."

"नको. तुमच्या इथं काय सांडलेलं असतं काय नसतं."

"मग तर चपला घालाच."

सर हसले आणि चपला घालून आत आले. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत उभे राहिले. "शनिवारचे तास तुमच्याकडे जाणार म्हणून ऐकलं."

"अजून ठरलं नाही."

"ठरलं असलं तरी असू दे. तुमच्यावर राग नाही. पण एक काम कराल? एकदा त्या पोरींना विचारा."

"काय विचारू?"

भिंतीवर सांगाड्याचा तक्ता होता. सर त्याच्या बरगड्यांकडे बघत बोलले. "काय होतंय त्यांना ते. म्हणजे, 'आज नको' असतं, कबूल. पण मॅडम, सगळ्यांना? दर शनिवारी? मी आखाड्यातला माणूस, पण एवढं गणित मलाही येतं."

"मग तुम्ही का नाही विचारत?"

"मी?" ते चमकलेच. "मला तीन बहिणी. आई म्हणायची, पोरींना खोदून विचारायचं नाही, सांगायचं असलं तर त्याच सांगतील. नोकरीभर मी तेच पाळलं. आजवर एका पोरीला अवघडल्यासारखं होऊ दिलं नाही." शिट्टी पुन्हा बोटावर चढली. "सातवीपर्यंत ह्याच पोरी चेंडूसारख्या उसळत होत्या. ती जयमाला वाघमोडे, खांबाला हात घालून अशी वळायची की मुलंसुद्धा खेळ सोडून बघत राहायची. आता पायरीवर बसून नखं खाते."

"विचारते," मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी पायरीवर जाऊन बसले. मुलींची कुजबुज थांबली. कांचन हजारे नावाची अंगाने दणकट, तोंडाने त्याहून दणकट मुलगी जरा सरकली.

"मॅडम, जादा तास इथंच घेताय व्हय?"

"नाही. बसायला आले."

"तुमालाबी आज नको?"

ओढण्या तोंडावर गेल्या आणि सगळी पायरी हसण्याने हलली. मलाही हसू आलं.

"मला काही नाही. तुम्हाला सगळ्यांना आहे?"

"रेश्माला हाय," मागून कुणीतरी म्हणालं. रेश्मा मुल्लाणीने न वळता मागे कोपर मारलं.

"आणि बाकीच्यांना?"

"माझं पोट दुखतंय."

"माझं डोकं."

"माझंबी पोट, मॅडम. हिचं बघून."

"पोटदुखी अशी शेजारच्या मुलीकडून लागत नाही," मी म्हणाले.

कांचन माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही कधी पळलाय?"

"शाळेत असताना."

"आता पळा की. ह्या खांबापासनं त्या खांबापर्यंत. मग सांगतो."

ते आव्हान होतं आणि थोडी थट्टाही होती. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि मैदानात उतरले.

धावताना हात का हलवावे लागतात, हे मी आठवीला शिकवलेलं होतं. त्या दिवशी पहिल्या काही पावलांतच पदर सुटला. एका हाताने तो धरला, दुसऱ्याने निऱ्या उचलल्या, आणि मग धावायला हातच उरले नाहीत. पायांत नुसती धडपड. वरच्या मजल्याच्या गॅलरीत दहावीची मुलं तासाची वाट बघत कठड्याला रेलली होती. कुणीतरी लांब शीळ घातली. कुणीतरी ओरडलं, "जोरात, मॅडम!" मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या खांबाला हात लावून मी चालत परत आले. मैदानाची ती रुंदी चालून येताना फार वाटली.

"कळलं?" कांचन म्हणाली. ती हसत नव्हती.

"थोडं."

"ती रोजचीच हायत. नुसती बघत न्हाईत, नावं पाडलीत एकेकीची. मला रोडरोलर म्हणतात." हे मात्र तिने हसून सांगितलं, आणि सांगता सांगता ओढणी पुन्हा गुडघ्यांवर ओढून घेतली.

"डुबल सरांना सांगायचं."

"सरांना काय सांगणार? ते लगेच मान फिरवतात. त्यांना वाटतं, आमाला बारा महिने तेच हाय. आमी म्हणतो, वाटू दे. सोपं पडतं."

"आणि गॅलरीत मुलं नसती, तर खेळला असतात?"

यावर रेश्मा बोलली. बारीक, हळू आवाजाची मुलगी. वर्गात तिचं उत्तर ऐकायला मला बाकापर्यंत जावं लागे. "खेळून काय करायचं मॅडम? सर खो-खोच घेतात. मी पाटीवर बसते. मला कुणी खो देत न्हाई, मी हळू पळते म्हणून. डाव संपला की उठायचं. पाटीवर बसलं काय नि पायरीवर बसलं काय. इथं सावली तरी असते."

मी जयमालाकडे पाहिलं. ती सगळ्यात खालच्या पायरीवर, नख दातात धरून बसली होती. "तुला तर मिळत असेल खो?"

"सगळे मलाच मिळायचे," ती म्हणाली. "म्हणून तर."

"म्हणजे?"

तिने नख पुन्हा दातात धरलं. कांचननेच सांगितलं. "आमी हिच्याशी बोलायचं बंद केलं होतं, आठवीत. म्हटलं, तूच खेळ सगळं, आमी कशाला पाहिजे? मग हीपण आली पायरीवर." तिने जयमालाच्या डोक्यावर हलकी टपली मारली. "आता बोलतो की."

शाळा सुटल्यावर मी सरांना खेळाच्या खोलीत गाठलं. ते दोरखंडाची गुंडाळी करत होते. मी सांगत गेले तशी त्यांच्या हातांची गती कमी कमी होत गेली.

"मग हे मला सांगायचं की पोरींनी! गॅलरीतल्या टोळक्याला मी एका दिवसात सरळ केलं असतं."

"तुम्हाला अवघड वाटेल असं त्यांना वाटलं."

"वाटलंच असतं," ते कबूल झाले. मग दोरखंडाचं टोक हातात धरून त्यांनी विचारलं, "मुल्लाण्यांच्या पोरीला खो मिळत नाही? कधीच नाही?"

"ती तरी असं म्हणते."

"किती बाद झाले ते मी बघतो, मॅडम. बसून कोण राहिलं ते बघायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही."

त्याच्या पुढच्या शनिवारी सर शिट्टी न घेता आले. गृहपाठ न केलेल्या मुलासारखे हात मागे बांधून पायरीसमोर उभे राहिले.

"मगदूम मॅडमनी मला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, सांगण्यासारखं तेवढं." ओढण्या तोंडावर गेल्या. सरांनी घसा साफ केला. "आज मी काही सांगणार नाही. काय खेळायचं, कुठं खेळायचं, तुम्ही ठरवा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी मुलींकडे पाहिलं.

"खरंच सांगू?" कांचन म्हणाली.

"सांग."

"लॅबच्या मागच्या मोकळ्या जागेत. तिथनं गॅलरी दिसत न्हाई."

"तिथं नुसते खडे आहेत गं. पडलीस तर गुडघे फुटतील."

"वेचू की."

तो अख्खा तास खडे वेचण्यात गेला. ज्या मुलींची पोटं आणि डोकी दर शनिवारी दुखत, त्यांनी घमेली भरभरून खडे कुंपणाकडेला नेऊन टाकले. सर फावडं घेऊन उंचवटे खरवडत होते. मध्येच कुणीतरी म्हणालं, "सर, खोल नका खणू, द्राक्षं लावायची न्हाईत," आणि सर फावड्यावर रेलून पोट धरून हसले.

दुसऱ्या तासाला खेळ मांडायची वेळ आली तेव्हा जयमालाने ओढणी जागची हलू नये म्हणून लावलेली कमरेची पिन काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन प्रयोगशाळेची मागची खिडकी उघडली. तिने खांद्यांवरच्या पिना काढल्या, ओढणी खिडकीच्या गजाला बांधली आणि कुडत्याच्या बाह्या वर सारल्या. मग एकेक करत सगळ्या आल्या. सरांनी तेवढ्यात आंब्याच्या झाडाकडे बघत त्याला मोहोर कधी येतो याची मोठ्याने चौकशी चालवली होती.

नियम कांचनने सांगितला. "जिला एकदा खो मिळाला, तिला सगळ्यांचं झाल्याबिगर परत द्यायचा न्हाई."

"असा नियम खो-खोत नाही," सर म्हणाले.

"मग हे खो-खो न्हाई."

"मग काय आहे?"

"नावाचं नंतर बघू सर. आधी खेळू द्या."

सरांना तो तास जड गेला. जवळची चपळ मुलगी सोडून लांबच्या एखादीला खो गेला की त्यांचा हात आपसूक छातीशी जाई, जिथे शिट्टी नव्हती. एकदा ते न राहवून "अगं, जयमालाला!" असं ओरडले आणि पंधरा-वीस जणींनी त्यांच्याकडे वळून पाहिल्यावर "चुकलं, चुकलं," म्हणत मागे सरले.

रेश्माला खो मिळाला तेव्हा ती उठून नुसती उभीच राहिली.

"पळ की!" सगळ्या ओरडल्या.

ती पळाली, ती उलट्या दिशेला. हशा पिकला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. तिच्यापुढे जयमाला पळत होती. जयमाला तिच्या हाती लागली नाही. मुद्दाम वेग कमी केला असता तर रेश्माला ते कळलं असतं, आणि चाललं नसतं. दोघी खांबाभोवती वळल्या तेव्हा मी पाहिलं, जयमालाचे दोन्ही हात मोकळे होते.

असे चार शनिवार गेले. एकीला सूर मारायला शिकायचं होतं, तिला सरांनी पोत्यांवर शिकवलं. दोघी-तिघींना दोरीवरच्या उड्या हव्या होत्या. एक म्हणाली, "सर, मला नुसतं चालायचंय." सर दोन मिनिटं स्वतःशी झगडले आणि म्हणाले, "चाल. पण झपझप." मी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला दाखवलं, आणि सोमवारी वर्गात रेश्माने विचारलं, "मॅडम, पळून थांबल्यावर लगेच का उतरत न्हाई नाडी?" उत्तराला तास पुरला नाही. प्रकाशाचा धडा होता तिथेच राहिला, ह्याची मला रोज जाणीव होती. मोठ्या बाईंना मी अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

मग शाळा समितीच्या एका सदस्यांना मागच्या रस्त्याने जाताना खिडकी दिसली. बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"खिडकीला ओढण्या! मला विचारतात, शाळा चालवता की धोबीघाट?"

"बाई, ते मीच—" सर म्हणाले.

"तुम्ही थांबा डुबल सर. तुमच्यासाठीच बोलतेय. इमारतीच्या मागे, वर्गांच्या आड, मुली ओढण्या काढून, आणि समोर तुम्ही, पुरुष माणूस. तुम्ही कसे आहात ते मला ठाऊक आहे. गावाला सांगायला मी घरोघर जाऊ? उद्या कुणी वेडंवाकडं बोललं तर तुम्ही ते सोसाल, मला ते ऐकवणार नाही."

सरांचा चेहरा उतरला. असं काही कुणी बोलू शकतं, हे त्यांच्या मनातच आलेलं नव्हतं.

"मगदूम मॅडम असतात तिथं," ते पुटपुटले.

"आता असतात. दर शनिवारी असतील?" बाई माझ्याकडे वळल्या. दर शनिवार म्हणजे प्रयोगशाळेच्या तयारीचे माझे ते दोन तास, कायमचे. "बघा. म्हणून सांगते, तास विज्ञानाला गेला की कुणाला बोलायला जागाच उरणार नाही."

बाहेर व्हरांड्यात सर माझ्याबरोबर थोडे चालले. "मॅडम, घ्या तुम्ही ते तास. तुमचं जूनचं आहे. पोरी चार शनिवार खेळल्या, तेवढं तरी झालं." माझं मन हलकं व्हावं म्हणून ते बोलत होते. खरं सांगायचं तर ते थोडं झालंही.

सभेच्या आदल्या दिवशी माझा तास चालू असताना मोठ्या बाई नववीच्या वर्गात आल्या.

"मुलींनो, दिवाळीनंतर शनिवारी मैदानाऐवजी मगदूम मॅडम विज्ञान घेतील. कुणाला मैदानच हवं असेल तर हात वर करा. मोकळेपणी करा, मी रागावणार नाही."

मी फळ्याशी, खडू हातात घेऊन उभी होते. एकही हात वर आला नाही. जयमाला खाली पुस्तकात बघत होती. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि त्या गेल्या.

तास संपल्यावर मी कांचनला पाण्याच्या टाकीपाशी थांबवलं. "हात का नाही वर केलास?"

"तुमच्यासमोर कसा करणार मॅडम?"

"माझ्यासमोर काय झालं?"

"तास तुमालाच पाहिजे न्हवं? शिपायाची बायको सांगत होती, मॅडमचं कायम व्हायचंय, त्याला आमचा निकाल लागतो. मग आमी ठरवलं. मॅडमना अडचण नको."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. रेश्मापण हो म्हणाली." तिने तोटी सोडली, ओंजळीने पाणी प्यायली आणि तोंड ओढणीने पुसलं. "त्यात काय एवढं? बसायची आमाला सवय हाय."

ती वर्गाकडे गेली. तोटीतून अजून पाणी गळत होतं, ती मी बंद केली.

सभा दुपारी होती. दिवाळीच्या आधीची म्हणून टेबलावर चिवड्याच्या बशा होत्या. गणिताचे आवटी सर फळ्यावर दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक लिहीत होते आणि बाई कागदावरून सांगत होत्या. मराठी, हिंदी, चित्रकला. खडूचा आवाज आणि चिवडा चावल्याचा आवाज.

"शनिवार," बाई म्हणाल्या. "नववीच्या मुली, शेवटचे दोन. लिहा, विज्ञान."

आवटी सरांचा खडू थांबला. "मगदूम मॅडमनी सांगितलंय का तसं?"

"सांगतील की. आणि वर्गात मी स्वतः विचारलंय. एक हात वर आला नाही. मुलींनाच नकोय मैदान."

मी डुबल सरांकडे पाहिलं. ते बशीतले शेंगदाणे बाजूला काढत होते. त्यांनी मान वळवून घेतली होती, अगदी पायरीपासून वळवायचे तशी. मला अवघड होऊ नये म्हणून.

"काय मगदूम मॅडम?" बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर मायेचा होता. मी मान हलवली असती तरी पुरलं असतं. तोपर्यंतच्या सगळ्या सभांमध्ये मी तेवढंच केलं होतं. आवटी सरांनी खडू फळ्याला टेकवलाही होता.

आमच्या सभेत उभं राहून बोलायची पद्धत नव्हती. मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला फार मोठा वाटला.

"मुलींना मैदान हवंय, बाई. त्यांनी हात वर केले नाहीत ते माझ्यासाठी," मी म्हणाले. "तो तास मी घेणार नाही. त्यांना जिथे खेळायचंय तिथे त्या खेळतील, आणि दर शनिवारी मी तिथे असेन."